पिसाची माशी आणि आमच्या बाई

भाड्याची खोली दाखवायच्या आधी बाईंनी माझे हात बघितले. आधी तळवे, मग पालथी बाजू. कपाळावरचा चष्मा खाली ओढून त्यांनी एकेक बोट तपासलं. मला वाटलं, ज्योतिष बघतात की काय.

"नखं कुरतडता?"

"नाही जी."

"चहा जास्त झाला तर हात थरथरतात?"

"नाही."

"मग वर जाऊन खोली बघून या. आवडली नाही तर मला सांगू नका, मी त्यात काही बदल करणार नाहीये."

खोली मला आवडली नाही आणि मी ते सांगितलं नाही. अशी आमची ओळख झाली.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी यवतमाळकडून इंजिनियर होऊन पुण्यात आलो होतो आणि हडपसरला एका सॉफ्टवेअर कंपनीत चिकटलो होतो. अमेरिकेतल्या कंपन्यांना तेव्हा दोन हजार सालाची धास्ती पडली होती. त्यांच्या जुन्या प्रोग्रॅममधल्या दोन आकडी तारखा चार आकडी करत बसायचं, हे माझ्यासारख्या शेकडो पोरांचं काम. कंपनीची बस खडकी बाजारापाशी थांबायची, म्हणून खोली खडकीत, स्टेशनामागच्या गल्लीत.

बाई साठीला टेकल्या होत्या. तीसेक वर्षं दारूगोळ्याच्या कारखान्यात काढलेली. बोटाच्या पेराहून बारीक भाग चिमट्यानं जागच्या जागी बसवायचे, हे त्यांचं काम. शेवटी शेवटी त्या दुसऱ्यांनी बसवलेले भाग तपासायच्या. नोकरी संपली तरी तपासणी सुटली नव्हती. दुधाची पिशवी, वाण्याकडचे पोहे, समोरच्यांचा होऊ घातलेला जावई, सगळ्यांना शेरे दोनच: पास किंवा रिजेक्ट. त्या जावयाला त्यांनी रिजेक्ट केलं होतं. लग्न झालं, पोरगा चांगला निघाला, तेव्हा बाई मुद्दाम त्याच्या घरी गेल्या आणि चहा पिऊन शेरा बदलून आल्या.

त्यांना काकू किंवा आजी म्हटलेलं चालायचं नाही. "कारखान्यात सगळे बाई म्हणायचे. तुम्हाला वेगळं काय सुचलंय?" स्वतः मात्र त्या साऱ्या जगाला अहो-जाहो करायच्या. मी 'वऱ्हाडकर'. गल्लीतलं कुत्रं दारात आडवं झालं की "अहो, सरका जरा."

पहिल्याच रविवारी त्या घराबाहेर पडताना दिसल्या. अंगावर सुती साडी, पायात नवऱ्याचे मिलिटरीतले कॅनव्हासचे बूट, डोक्यावर त्याचीच हिरवी गोल टोपी, पाठीवर कापडात गुंडाळलेलं काहीतरी लांबडं. गल्लीतलं कुणी वळूनही बघेना. मी समोरच्या काकांना विचारलं.

"मासे धरायला चालल्यात," काका पेपरातून मान वर न करता म्हणाले. "संध्याकाळी रिकाम्या हातानं येतील आणि येता येता बाजारातून बोंबील आणतील."

तसंच झालं. बोंबील तळल्याचा वास जिन्यावरून वर आला. न राहवून मी खाली गेलो.

"बाई, मासे मिळाले नाहीत?"

"अकरा मिळाले. सोडले."

"आणि हे विकत आणले?"

"पकडलेला मासा ओळखीचा होतो, वऱ्हाडकर. ओळखीच्या माणसाला तळत नाहीत."

माझ्या गावाकडे मासेमारी म्हणजे जाळं, नाहीतर गळाला गांडूळ. बाईंचा प्रकार निराळाच होता. गांडूळ नाही, कणकेची गोळी नाही. इवल्याशा गळावर पिसं आणि धागा गुंडाळून त्या पाण्यावरच्या किड्यासारखी दिसणारी एक खोटी माशी बनवायच्या. त्या माशीला वजन असं नसतंच. त्यामुळे वजन असतं ते दोराला. लांब लवचीक काठीनं दोर मागे-पुढे हवेत खेळवायचा आणि असा सोडायचा, की टोकाची माशी पाण्यावर अलगद, खऱ्यासारखी उतरली पाहिजे. माशाला पटलं तर तो वर येऊन ती तोंडात घेतो. नाही पटलं तर, बाई म्हणायच्या, "त्यांनी रिजेक्ट केली. त्यांचा अधिकार आहे."

या माश्या बनवायचं सामान बिस्किटांच्या एका मोठ्या डब्यात असे. खडकी बाजारातला कोंबडीवाला त्यांच्यासाठी कोंबड्यांच्या मानेची पिसं वेगळी काढून ठेवायचा. गिऱ्हाइकं खोळंबलेली असायची आणि बाई उजेडाकडे धरून एकेक पीस बघत असायच्या. "हे तेलकट आहे. यांना काय खायला घालत होता?" गल्लीतल्या पांढऱ्या पामेरियनचे केस, शिलाई मशीनचा धागा, स्वतःच्या लग्नातल्या शालूची जर. शेवटची गाठ पक्की व्हावी म्हणून वर नेलपॉलिशचा थेंब. नेलपॉलिश देताना दुकानदार एकदा कौतुकानं म्हणाला, "बाई, या वयात हौस आहे हां!" बाई म्हणाल्या, "मला नाही हो, माझ्या माशीला आहे." तो पुढे कधी काही बोलला नाही.

माझ्या आईनं विणलेला एक शेवाळी रंगाचा स्वेटर होता. एका संध्याकाळी बाई माझ्याशी बोलता बोलता त्याच्या बाहीकडे टक लावून बघत होत्या. दुसऱ्या दिवशी स्वेटर वाळत घातला होता तिथून घरात आणून, नीट घडी करून ठेवलेला. आतल्या शिवणीतून बोटभर लोकर गेलेली. मी विचारलं तर म्हणाल्या, "आईंना पत्र लिहाल तेव्हा सांगा, रंग अगदी बरोबर आहे."

हे सगळं त्यांना कुणी शिकवलं, हा प्रश्न मी बरेच दिवस मनात ठेवला होता. उत्तर असं, की कुणीच नाही. त्यांचे यजमान फौजेत होते. काश्मीरला असताना एका साहेबाची मासे धरायची पिशवी वाहता वाहता ही विद्या शिकले. साहेबानं जाताना आपली जुनी, तीन तुकड्यांत जोडायची बांबूची काठी त्यांना दिली. पुण्याला आल्यावर दर रविवारी ते एकटेच नदीवर जायचे. बाईंनी एकदा म्हटलं, मलाही न्या. तर म्हणाले, "हात स्थिर लागतो. बायकांचं काम नाही ते."

हे सांगताना बाई इतक्या हसल्या, की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "आणि मी त्या वेळी दिवसाला तीनशे डिटोनेटर बसवत होते. एक जरी हललं असतं ना, तर यांना सांगायला घरी कोण आलं असतं?"

यजमान गेल्यावर वर्षभरानं त्यांनी ती पिशवी उघडली. आतल्या सगळ्या माश्या कसरीनं खाल्लेल्या. नुसते गळ उरले होते आणि त्यांना चिकटलेले धाग्याचे तुकडे. मूळ माशी कशी दिसायची, हे सांगायला कोणी नव्हतं. दुसरी एखादी बाई पिशवी बांधून माळ्यावर टाकती. आमच्या बाईंनी कामशेतचं तिकीट काढलं. खोटी माशी बनवायची तर खरी कशी असते ते बघायला हवं, एवढा सरळ हिशोब. इंद्रायणीच्या काठावर एका बंधाऱ्याखाली त्या वर्षभर, दर रविवारी, काठीशिवाय जाऊन बसल्या. पाण्यातून काय निघतं, किती वाजता निघतं, मासा कशाला वर येतो, हे भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेच्या चौकोनात बारीक अक्षरात लिहून ठेवलं. 'तपकिरी, तीन शेपट्या, सव्वापाच.' 'पिवळसर, पंख उभे, ढग होते.' एका चौकोनात नुसतंच 'काही नाही. छान वाटलं.'

मी या सगळ्यात ओढला गेलो तो माझ्या नोकरीमुळे.

दोन हजार साल उजाडलं, जग काही बुडालं नाही. त्यानंतर वर्षभरानं अमेरिकेतल्या कंपन्या धडाधड बसल्या आणि आमच्याकडचं काम आटलं. आम्हाला बेंचवर बसवलं. म्हणजे रोज यायचं, काम काही नाही, नुसतं हॉलमध्ये बसायचं. मग एके दिवशी सांगितलं, की आता आलं नाही तरी चालेल, गरज पडली की फोन करू. अर्धा पगार. तो किती दिवस, कुणी सांगत नव्हतं. घरी मी हे कळवलं नाही. बाईंनाही नाही. रोज इस्त्रीचा शर्ट घालून डबा घेऊन निघायचो, बागेत नाहीतर वाचनालयात दिवस काढायचो आणि संध्याकाळी दमलेला चेहरा करून परत यायचो. चेहरा करावा लागत नव्हता म्हणा. रिकाम्या माणसाला फार दमायला होतं.

आठवडाभरानं बाईंनी मला जिन्यात अडवलं.

"गळ्यातला पट्टा कुठाय?"

ओळखपत्राचा पट्टा कंपनीनं जमा करून घेतला होता. मी काहीतरी पुटपुटलो.

"सात दिवस झाले, पट्टा नाही. बूट मात्र पॉलिश केलेले. वऱ्हाडकर, नोकरी गेली की राहिलीय?"

मी बुटांकडे बघितलं. शेवटी म्हणालो, "माहीत नाही, बाई. त्यांनाही माहीत नाही. घरी कसं सांगू, मले समजत नाही."

बाईंनी चष्मा खाली ओढून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता धीराचे चार शब्द येणार.

"उद्या बुधवार," त्या म्हणाल्या. "अकराची लोकल. हे बूट घालू नका, भिजतील."

पहिले दोन बुधवार त्यांनी मला काठीला हात लावू दिला नाही. पाण्यात उतरून दगड उलटे करायला लावले. "बघा खाली." दगडाच्या ओल्या पोटाला चिकटून चपटे, सहा पायांचे, शेपट्या असलेले जीव सरसर पळत होते. हीच ती माशी, पंख फुटण्याआधीची. महिनोन् महिने अशीच दगडाखाली राहते. मी दगड टाकून पुढे निघालो, तर मागून हाक आली. "होता तसा ठेवा. कोणाचं तरी घर आहे ते."

काठी फिरवायचा सराव गच्चीवर. गळ नाही, दोराच्या टोकाला लोकरीचा गोंडा आणि पंधरा पावलांवर पितळेची परात. परातीत गोंडा पडला पाहिजे. पहिल्या दिवशी तो माझ्या कानात, पाण्याच्या टाकीवर, तुळशीच्या कुंडीत आणि शेजारच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांवर पडला. परातीत नाही.

"घाई करताय," बाई खुर्चीत बसून शेंगा सोलत म्हणायच्या. "दोर मागे गेलाय, त्याला पूर्ण उलगडू द्या. मागचं उलगडायच्या आत पुढे फेकलं की चाबकासारखा आवाज येतो. आला ना आवाज? रिजेक्ट. पुन्हा."

एखाद्या व्याख्यात्यानं हे वाक्य ऐकवलं असतं तर मी ते वहीत लिहून घेतलं असतं. बाई फक्त दोराबद्दल बोलत होत्या. पण त्या गच्चीवर, मनगट दुखेपर्यंत, मागचा दोर उलगडायची वाट बघत असताना मला पहिल्यांदाच कंपनीची आठवण तासभर आली नाही. चौथ्या दिवशी गोंडा परातीत पडला. त्या रात्री मी आईला पत्र लिहून काय ते खरं कळवून टाकलं.

ऑक्टोबरातली ती पहिली संध्याकाळ मी विसरणार नाही. पाऊस सरून नदी निवळली होती. काठाच्या मळ्याचे मालक आप्पा, ज्यांच्या बांधावरून आम्ही नेहमी जायचो, बैल पाण्यावर घेऊन आले होते. ते म्हणाले, "बाई, काल तिन्हीसांजंला लई किडं निघालं व्हतं बगा. बैलाच्या डोळ्यात जात व्हतं."

"किती वाजता, आप्पा?"

"आता त्ये किडं काय मला इचारून निघत्यात व्हय?"

पाच वाजून गेले. पाणी गुळगुळीत होतं. मग एका ठिकाणी पाण्यावर काहीतरी हललं, जणू कोणीतरी खालून बोट लावलं. एक किडा वर आला, पृष्ठभागावर आपली कातडी फाडून बाहेर पडला आणि पंख उभे करून तसाच तरंगत राहिला, पंख सुकवत. होडीच्या शिडासारखे ते पंख. मग दुसरा, मग दहा, आणि बघता बघता पाण्यावर शेकडो शिडं. उन्हाचा शेवटचा पट्टा पडला होता त्यात ते वर उडायला लागले, खाली यायला लागले. माझ्या बाहीवर, बाईंच्या टोपीवर, आप्पांच्या बैलाच्या शिंगावर बसायला लागले. आणि खाली माशांची पंगत बसली होती. टुप्, टुप्, टुप्.

"आलं वऱ्हाड!" बाई म्हणाल्या. किडे निघाले की त्या हेच म्हणायच्या. त्या दिवशी माझ्याकडे बघून पुस्ती जोडली, "तुमचीच माणसं."

एक किडा त्यांनी बोटावर घेऊन माझ्या डोळ्यांसमोर धरला. "यांना तोंड नसतं, माहितेय? पोटही नाही. इतके दिवस दगडाखाली खाऊन झालं. आता एखादा दिवस नुसतं उडायचं, लग्न करायचं, संपलं." मग आवाज बदलून, "बघत काय बसलात? काठी घ्या!"

माझे हात थरथरत होते, चहा न पिता. तिसऱ्या खेपेला माशी बरी पडली. पाणी फुटलं, काठी वाकली, आणि आयुष्यात पहिल्यांदा एका जिवंत नदीनं मला पलीकडून ओढलं. अंगावर निळसर पट्टे असलेला, वीतभरही नसलेला चंदेरी मासा. बाईंनी गळाचं उलटं टोक आधीच पकडीनं दाबून टाकलेलं असायचं, त्यामुळे तो चटकन सुटला. ओल्या तळहातावर क्षणभर ठेवून त्या त्याला म्हणाल्या, "आभारी आहोत. आता जा." तो गेला. मी गुडघाभर पाण्यात उभा राहून खुळ्यासारखा हसत होतो. आप्पा बैलाला म्हणाले, "बघ रं, शिकल्याली मान्सं."

आता पाहुण्याची गोष्ट. माझ्या गावी मी ती सांगतो तेव्हा कोणी विश्वास ठेवत नाही.

मी एकदा एकटाच नदीवर गेलो होतो, तेव्हा बाईंच्या घरच्या फोनवर कंपनीचा फोन आला. बाईंनी घेतला. आमच्या मॅनेजरनं विचारलं, की मी सध्या दुसरीकडे कुठे जॉइन झालोय का.

"नाही. नदीवर गेलेत, मासे धरायला," बाई म्हणाल्या आणि पुढे स्पष्टीकरणही दिलं. "गांडुळानं नाही. माशीनं."

मला हे संध्याकाळी कळलं तेव्हा वाटलं, संपलं सगळं. पण आठवडाभरानं मॅनेजर स्वतः दारात उभा. अमेरिकेतला एक मोठा साहेब काम द्यायचं की नाही हे ठरवायला येतोय, मोंटाना नावाच्या डोंगराळ राज्यातला आहे, आणि त्यानं ईमेलमध्ये विचारलंय की पुण्याजवळ माशीनं मासे धरायची सोय आहे का. "सगळ्या कंपनीत तुझ्याशिवाय कोणी नाही! काहीतरी कर. काम आलं तर पहिलं नाव तुझं."

बाई आतून ऐकत होत्या. बाहेर आल्या, मॅनेजरचे हात बघितले. "नखं कुरतडता," त्या म्हणाल्या. "तुम्ही पाण्यात उतरायचं नाही. पाहुण्यांना आणा."

साहेब आला तो वीस खिशांचं जाकीट, छातीपर्यंतचे रबरी बूट आणि माश्यांच्या चार पेट्या घेऊन. उंच, लाजरा, टकला माणूस. दोर असा फेकायचा, की आम्ही बघतच राहिलो. बाईंनी तत्काळ निकाल दिला. "पास." पण दोन तास झाले तरी एक मासा वर येईना. मॅनेजर काठावर रुमालानं घाम पुसत होता आणि मला हळू आवाजात विचारत होता, की मासे आधी सोडून ठेवायची काही व्यवस्था नसते का. माझी नोकरी त्या पाण्यात तरंगत होती आणि पाणी ढिम्म होतं.

बाई जांभळाच्या झाडाखाली निवांत भाकरी खात बसल्या होत्या. भाकरी संपवून हात धुतले आणि साहेबाच्या पेट्या मागितल्या. त्यांच्याकडे कारखान्यातलं इंग्रजी होतं, ते पुरेसं होतं. "धिस, ओव्हरसाइज. रिजेक्ट. धिस, कलर नॉट अॅज पर सॅम्पल. रिजेक्ट. धिस..." एक मोठी केसाळ माशी चिमटीत धरून त्या माझ्याकडे वळल्या. "झुरळाला इंग्रजीत काय म्हणतात हो?" मॅनेजरनं डोळे मिटून घेतले. साहेब मात्र टोपी काढून उभा होता, प्रयोगशाळेत परीक्षक आल्यावर पोरं राहतात तसा.

मग त्यांनी आपल्या डब्यातून एक छोटी शेवाळी माशी काढली आणि त्याच्या तळहातावर ठेवली. माझ्या आईच्या लोकरीची. "वेट," त्या म्हणाल्या. "फाइव्ह फिफ्टीन."

सव्वापाचला नाही, पाच वीसला वऱ्हाड आलं. साहेबानं हातातली काठी खाली घेतली आणि पाच मिनिटं तो नुसता बघत राहिला. किडे त्याच्या टकलावर बसत होते. मग त्यानं ती माशी टाकली, आणि पहिल्याच फेकीला मासा लागला. वीतभर मासा. मोंटानात म्हणे हाताएवढे मिळतात. पण हा माणूस त्या पट्ट्यांकडे बघून इतका हरखला, की मासा सोडताना त्यानंही बाईंचं ऐकून त्याला मराठीत "आता जा" म्हटलं.

परतताना त्यानं आपली महागडी काठी बाईंपुढे धरली. बाई म्हणाल्या, "आय हॅव." आणि आपला तीन तुकड्यांचा बांबू कापडात गुंडाळायला लागल्या.

काम काही आम्हाला मिळालं नाही. ते दुसऱ्या शहरातल्या एका कंपनीकडे गेलं. मॅनेजर महिनाभर माझ्याशी बोलला नाही. मला परत बोलावलं ते पुढच्या उन्हाळ्यात, एका बँकेच्या रटाळ कामासाठी, त्याचा माशांशी संबंध नव्हता. साहेबाकडून मात्र बाईंच्या पत्त्यावर एक पार्सल आलं. आत हजार बारीक गळ आणि एक चिठ्ठी. चिठ्ठीत एवढंच, की त्या शेवाळी रंगाची लोकर कुठे मिळते. मी यवतमाळला कळवलं. आईनं स्वेटरची उरलेली लोकर खरंच पाठवली आणि बाईंनी ती मोंटानाला. माझ्या आईला आजही वाटतं, की अमेरिकेत फार थंडी असते म्हणून त्या माणसानं मागवली.

पुढे मला कंपनीनं अमेरिकेला पाठवलं. अडीच वर्षांनी परत आलो, तेव्हा खोलीत दुसरा भाडेकरू होता आणि बाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. ऑपरेशन पुढे झालं आणि नीट झालं, ते आधीच सांगून टाकतो. पण तेव्हा त्या तयार नव्हत्या. "ऑक्टोबर आहे. दिवाळीनंतर बघू. या दिवसांत दवाखान्यात कोण पडून राहतं?"

मी त्यांना हाताला धरून लोकलनं घेऊन गेलो. आप्पांच्या मळ्यापाशी भिंत होती आणि लोखंडी फाटक. फाटकाशी आप्पाच होते, पायात पांढरे स्पोर्ट शूज. "इकली जमीन, बाई. बंगलं व्हनार हाईत. पोरांच्या म्होरं चालंना." वॉचमनला सांगून त्यांनी आम्हाला आत सोडलं. जाताना म्हणाले, "वर मळवलीच्या अंगाला माझ्या मेव्हण्याचं रान हाय. तिकडं कुनी न्हाई अजून."

बंधाऱ्याखाली पाण्यावर फेस होता. झुडपांना प्लास्टिकच्या पिशव्या लटकत होत्या. मी एक दगड उलटा केला. खाली काळी घाण, दुसरं काही नाही.

"कसं आहे पाणी?" बाईंनी काठावरून विचारलं.

मला धीर झाला नाही. "छान आहे, बाई. तळ दिसतोय."

सव्वापाच झाले. चार-दोन किडे लांबवर उडाले.

"आलं का वऱ्हाड?"

"आलं की. भरपूर."

त्यांनी काठी उचलली नाही. थोडा वेळ चेहरा नदीकडे करून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "चला, निघू."

लोकलमध्ये वडगाव येईपर्यंत त्या पदरानं चष्मा पुसत होत्या. मग म्हणाल्या, "वऱ्हाडकर, डोळे गेलेत माझे. गाल नाही गेलेत. भरपूर म्हणालात, आणि माझ्या गालावर एकही बसला नाही."

मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

"मला वाईट वाटू नये म्हणून बोललात, ते कळलं. पण तपासणाऱ्यानं असं करायचं नसतं. आता नीट सांगा. काय काय होतं?"

मी सगळं सांगितलं. फेस, पिशव्या, दगडाखालची घाण. त्या मान हलवत ऐकत होत्या. आकुर्डी आली तेव्हा माझं सांगून संपलं. मला वाटलं, त्या रडतील.

"बरं," त्या म्हणाल्या. "आप्पांचे मेव्हणे कुठे राहतात म्हणाले?"

"बाई, मळवलीहून बरंच चालावं लागेल. या वयात, आणि दिसत नाही तुम्हाला."

"नदी पुष्कळ लांब आहे हो. आपणच एका ठिकाणी बसून राहिलो."

पुढच्या बुधवारी आम्ही मळवलीला उतरलो. बांधावरून, ओढ्यातून, दोनदा रस्ता चुकून तासभर चाललो. त्यांचा एक हात माझ्या खांद्यावर, दुसऱ्या हातात काठी. दर दहा पावलांना सूचना. "हळू. तुम्हाला दिसतंय म्हणून पळू नका." जागा सापडली तेव्हा चार वाजले होते. वरच्या डोंगरातून आलेलं पाणी दगडांवरून खळाळत होतं. मी पहिला दगड उलटा केला, बघितलं, आणि होता तसा ठेवला. घर भरलेलं होतं.

बूट-टोपीसकट त्या गुडघाभर पाण्यात जाऊन उभ्या राहिल्या, साडी वर खोचून, काठी काखेत धरून. ऊन उतरलं. मला आधी दिसलं. पलीकडच्या सावलीत एक उठला, मग पाच, मग अख्खं पाणीच उठल्यासारखं झालं. ते आमच्याकडे आले. बाईंच्या हनुवटीवर एक बसला. मग गालावर, कपाळावर, मिटलेल्या ओठांवर, चष्म्याच्या दांडीवर. त्या हलल्या नाहीत. चेहरा थोडा वर करून लहान मुलीसारख्या उभ्या राहिल्या, सगळा चेहरा पंखांनी भरून.

मग ओठांवरचा उडायची वाट बघून म्हणाल्या, "हं. आता सांगा, किती आहेत?"

"मोजता येत नाहीत, बाई."

"आता खरं बोललात," त्या म्हणाल्या. "सरका बाजूला. दोराच्या वाटेत उभे आहात."